लूप आणि लय : प्रत्यक्ष वादनातील यांत्रिक आवर्तने व सहवाद्यांचा मेळ

बीजशब्द : लूप, आवर्तन, लय, सम, लेहरा, मिडी

प्रस्तावना

वादक रंगमंचावर एखादा तुकडा वाजवतो, पायाजवळचे यंत्र तो त्याच वेळी मुद्रित करून घेते आणि पायाने कळ दाबताच तोच तुकडा खंड न पडता पुन्हा पुन्हा वाजू लागतो. या फिरत्या तुकड्याला 'लूप' म्हणतात. त्यावर दुसरा, तिसरा थर चढवून एकच कलावंत संपूर्ण वाद्यवृंदाचा परिणाम साधू शकतो. मराठीत यासाठी 'ध्वनि-आवर्तन' असा शब्द घडवता येईल. परंतु वादकांमध्ये 'लूप' हाच शब्द रुळलेला असल्यामुळे प्रस्तुत लेखात तोच स्वीकारला आहे.

स्कॉटलंडची गायिका केटी टन्स्टल हिने 2004 मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या पद्धतीने एकटीने गाणे सादर केले आणि ही युक्ती सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. मार्च 2024 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गायलेला एड शीरन हा गायकही याच पद्धतीसाठी ओळखला जातो. अशा एकट्या कलावंतापुढे लयीचा प्रश्न फारसा उभा राहत नाही. लूप किंचित लांब झाला काय किंवा आखूड झाला काय, पुढचे सर्व थर त्याच लांबीवर रचले जातात आणि ती लांबी हीच त्या गाण्याची लय ठरते. शेजारी तबला, ढोलकी किंवा ड्रम्स घेऊन दुसरा माणूस बसला की खरा प्रश्न सुरू होतो. आता एका रंगमंचावर दोन घड्याळे असतात आणि त्यांपैकी एकाला ऐकू येत नाही.

वीस मिलिसेकंदांचा हिशेब

या प्रश्नाचे स्वरूप एका साध्या गणिताने स्पष्ट होते. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे 500 मिलिसेकंदांची असते. तीनतालाचे 16 मात्रांचे आवर्तन या लयीत बरोबर 8 सेकंदांत पूर्ण होते. आता लूप बंद करताना वादकाचा पाय 20 मिलिसेकंद उशिरा पडला असे समजू. ही चूक मात्रेच्या पंचविसाव्या भागाएवढी आहे. पहिल्या आवर्तनात ती कोणाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु लूप आता 8.02 सेकंदांचा झालेला असतो. तबलजी आपली लय न सोडता वाजवत राहिला, तर दहाव्या आवर्तनानंतर दोघांत 200 मिलिसेकंदांचे अंतर पडते, आणि पंचवीस आवर्तनांनी पूर्ण एका मात्रेचे. म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंदांत तबल्याची सम आणि लूपची सम एकमेकींपासून एक मात्रा दूर जातात.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. लूपची लांबी ही पायाच्या एका चुकीवर अवलंबून नसून दोन दाबांमधील फरकावर अवलंबून असते. सुरुवातीची कळ आणि शेवटची कळ दोन्ही सारख्याच उशिराने दाबल्या गेल्या तर लांबी अचूकच येते. म्हणून अनुभवी वादक सुरुवातीची कळ आणि शेवटची कळ एकाच पद्धतीने, तबल्यावरील आघाताप्रमाणे समेवरच दाबतात. 'तुकडा संपला, आता दाबू' असा विचार करत नाहीत. यंत्राचा स्वभावही माहीत असावा लागतो. काही यंत्रे कळ दाबताक्षणी प्रतिसाद देतात, तर काही ती सोडताक्षणी. नव्या यंत्राशी ओळख नसताना होणाऱ्या घोटाळ्यांचे मूळ अनेकदा एवढेच असते.

पाय अचूक असला तरी आकड्यांमुळे हीच चूक घडू शकते. वृंदाची खरी लय मिनिटाला 120.3 मात्रांची असून यंत्रावर 120 हा पूर्णांक घातला, तर आवर्तनामागे पुन्हा सुमारे 20 मिलिसेकंदांचाच फरक पडतो. याउलट दोन यंत्रांमधील स्फटिक-घड्याळांच्या फरकाला लोक वाजवीपेक्षा जास्त दोष देतात. दहा लाखांत 50 भाग एवढा फरक धरला तरी दहा मिनिटांत 30 मिलिसेकंदांचेच अंतर पडते. पाच मिनिटांच्या गाण्यात लूप सुटला तर त्याचे कारण स्फटिकात शोधण्यात अर्थ नाही.

स्थिर विलंब आणि साठणारी तफावत

वादकांच्या बोलण्यात 'लूप मागे पडतो' या एकाच वाक्प्रयोगात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे स्थिर विलंब. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो; त्यामुळे दहा मीटर दूरच्या ध्वनिवर्धकातील लूप ड्रमवादकाच्या कानी 29 मिलिसेकंद उशिरा पडतो. संगणकाच्या साहाय्याने लूप वाजवला जात असेल तर तेथेही थोडा वेळ लागतो. सेकंदाला 44,100 नमुने घेणाऱ्या यंत्रणेत 256 नमुन्यांचा साठा म्हणजे सुमारे 5.8 मिलिसेकंद. हा विलंब त्रासदायक असला तरी पहिल्या आवर्तनात जेवढा असतो तेवढाच शंभराव्या आवर्तनात असतो. वादक त्याच्याशी जुळवून घेतो, किंवा ध्वनिवर्धक जवळ आणला, हेडफोन दिला की तो जवळजवळ नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वर पाहिलेली साठत जाणारी तफावत. तिच्यावर हेडफोनचा उपाय चालत नाही, कारण ती कानापर्यंतच्या अंतरातून आलेली नसून लांबीतच दडलेली असते. दोहोंमधला भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. पाच आवर्तनांनंतर आणि वीस आवर्तनांनंतर अंतर सारखेच राहिले तर तो विलंब. वाढले तर ती तफावत. हा भेद न करता केलेले उपाय वाया जातात.

फितीच्या काळातील अनुभव

संगणक येण्यापूर्वी लूप म्हणजे अक्षरशः टोके जोडलेली चुंबकीय फीत होती. अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश याने 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका रस्त्यावरील धर्मोपदेशकाच्या आवाजाच्या दोन सारख्या फिती दोन यंत्रांवर एकदम सुरू केल्या. यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा नसल्यामुळे त्या हळूहळू सुटत गेल्या. राइशने ही सुटण्याची क्रिया हीच रचना मानली आणि त्यातून 'इट्स गॉना रेन' ही कृती निर्माण झाली. इतरांसाठी जो दोष, तो त्याच्यासाठी आशय ठरला. मात्र त्यासाठी सोबत तालवादक नसणे आवश्यक होते.

टेरी राइली या रचनाकाराने 1963 मध्ये पॅरिसमध्ये दोन टेपरेकॉर्डरांमधून एकच फीत नेऊन, एकावर मुद्रित झालेला ध्वनी काही सेकंदांनी दुसऱ्यावर उमटेल अशी योजना वापरली. पुढे रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी याच तत्त्वावर 1973 मध्ये 'नो पुसीफूटिंग' ही ध्वनिमुद्रिका काढली. या योजनेत लूपची लांबी म्हणजे दोन यंत्रांमधले अंतर. फीत सेकंदाला 19 सेंटिमीटर सरकत असेल, तर 8 सेकंदांसाठी सुमारे दीड मीटर अंतर लागते. मेजावर यंत्र दोन बोटे सरकले की मात्रा हलणार. त्यामुळे या संगीताचे दीर्घ, तरंगत्या स्वरांकडे वळणे हा केवळ रुचीचा भाग नव्हता. यंत्राने ठोस ताल नाकारला होता, असेही म्हणता येईल. राइलीने 1970 पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे.

राइलीच्या पुनरावर्ती शैलीचा प्रभाव ज्या गाण्यावर आहे आणि ज्याच्या नावातच तो कबूल केलेला आहे, ते 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाचे 1971 मधील 'बाबा ओ'रायली'. नावातील 'बाबा' म्हणजे अहमदनगरजवळील (आजच्या अहिल्यानगरजवळील) मेहेराबादशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते मेहेरबाबा. गीतकार पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी होता. ऑर्गनच्या पुनरावृत्तीच्या सोयीवर वाजवलेला आकृतिबंध गाणेभर फिरत राहतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात तो मुद्रित स्वरूपात वाजवला जाई आणि कीथ मून हा ड्रमवादक हेडफोन लावून त्याच्याबरोबर राही. मून हा मनस्वी, लय उधळत वाजवणारा वादक म्हणून प्रसिद्ध होता. त्यालाही येथे फितीच्या मागे जावे लागले. 'यंत्राने पुढे चालावे, माणसाने अनुसरावे' हा पहिला तोडगा येथे स्पष्ट दिसतो, आणि कानात 'टकटक' ऐकत वाजवणे ही आजची सार्वत्रिक पद्धत याच तोडग्याचा विस्तार आहे.

यंत्रांचा आपसातील करार

1983 मध्ये मिडी हा संकेत प्रचारात आला आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी वेळ जुळवणे शक्य झाले. यात प्रमुख यंत्र दर मात्रेला 24 सूक्ष्म ठोके पाठवते. 120 च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये सुमारे 20.8 मिलिसेकंदांचे अंतर असते. लूपयंत्र हे ठोके मोजते, आणि वादकाने कळ थोडी मागेपुढे दाबली तरी लूप आवर्तनाच्या हद्दीवरच बंद करते. पायाच्या दाबाला आता मोजमापाचा अधिकार उरत नाही. तो केवळ इच्छा व्यक्त करतो. वीस मिलिसेकंदांची चूक अशा रीतीने मुळातच टळते.

परंतु हे ठोके गती सांगतात, स्थान सांगत नाहीत. सम कोठे आहे हे कळण्यासाठी 'आरंभ' हा स्वतंत्र संदेश लागतो. मध्येच जोडलेले यंत्र तो संदेश चुकले तर लय तंतोतंत जुळलेली आणि सम मात्र हरवलेली, अशी स्थिती निर्माण होते. ऐकणाऱ्याला ती बेलयीपेक्षाही विचित्र वाटते. 2016 मध्ये एबलटन कंपनीने पुढे आणलेल्या 'लिंक' या पद्धतीत बिनतारी जाळ्यावरील सर्व यंत्रे लय आणि आवर्तनातील स्थान या दोन्ही गोष्टी वाटून घेतात. तेथे कोणी प्रमुख नसतो. कोणत्याही सहभागी यंत्राने लय बदलली की सर्वांची बदलते.

भारतीय तालांच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. बहुतेक लूपयंत्रे चार मात्रांचा गट गृहीत धरतात. तीनताल किंवा केहरवा त्यात सहज बसतो. रूपकाच्या सातव्या मात्रेनंतर लूप बंद करावा तर असे यंत्र आठवी मात्रा पूर्ण होण्याची वाट पाहते. झपतालासाठी पाच-पाच मात्रांचे दोन गट, रूपकासाठी सात मात्रांचा एक गट अशी मांडणी आधीच करून ठेवली नाही, तर ऐन मैफलीत काही सुचत नाही.

लेहरा : ऐकणारा लूप

वरील सर्व व्यवस्थेत माणूस यंत्राला अनुसरतो. हिंदुस्थानी संगीतात मात्र एक असा लूप फार पूर्वीपासून चालत आलेला आहे की जो माणूसच वाजवतो आणि जो इतरांचे ऐकत फिरतो. तो म्हणजे एकल तबलावादनातील लेहरा किंवा नगमा. सारंगीवर किंवा पेटीवर एका आवर्तनात बसणारी छोटी सुरावट अखंड वाजत राहते आणि तिच्या आधारावर तबलजी पेशकार, कायदे, रेले, तुकडे मांडतो. आवर्तन सरासरी 8 सेकंदांचे धरले तर तासाभरात लेहरा 450 वेळा फिरतो. विलंबित लयीत सुरू झालेले वादन द्रुत लयीपर्यंत जाते. तरीही लेहरा सुटत नाही आणि कोणाच्या कानात टकटकही नसते.

हे कसे साधते? दोन माणसे एकत्र वाजवताना कोणीच अचूक नसतो. पण प्रत्येक जण दर मात्रेला झालेले अंतर ऐकून पुढच्या मात्रेत ते थोडे भरून काढतो. चूक होते, परंतु साठत नाही. मानसशास्त्रातील तालाविषयीच्या प्रयोगांतूनही ही सततची दुरुस्ती दिसून आलेली आहे, आणि ती बऱ्याच अंशी नकळत घडते. साध्या लूपयंत्रात नेमका हाच दुवा नसतो.

तथापि लेहरेवाल्याचे कौशल्य केवळ अनुसरण्यात नाही. तबलजी आड, कुआड लयीत शिरला की लेहरेवाल्याने हलता कामा नये. तेथे तो खांबासारखा स्थिर राहिला तरच त्या लयकारीला अर्थ येतो. तिहाईतही तसेच. सम किंचित हुकली म्हणून लेहरा तिच्या मागे धावला तर श्रोत्याला चूक कळणारच नाही आणि अचूक समेचा आनंदही मिळणार नाही. पण एखादा कायदा संपवून तबलजीने ठेका धरला, नजरेने किंवा हाताच्या वजनाने लय वाढवण्याची खूण केली, की पुढच्या आवर्तनात लेहरा वाढलेला असतो. म्हणजे कानावर पडणाऱ्या प्रत्येक बदलाचे तो वर्गीकरण करतो: ही लयकारी, ही चूक, आणि हा लय वाढवण्याचा हेतू. पहिल्या दोहोंना तो दाद देत नाही, तिसऱ्याला देतो. लूप इतर वाद्यांशी लयीत ठेवणे या प्रश्नाचा गाभा या निवडीत आहे. नुसत्या अचूकतेत नाही.

इलेक्ट्रॉनिक लेहरा-यंत्रे आणि आता भ्रमणध्वनीवरील लेहऱ्याची ॲप्स यांनी रियाजाची मोठी सोय केली, हे निर्विवाद आहे. न हलणारा लेहरा विद्यार्थ्याची पळणारी लय निर्दयपणे उघडी पाडतो. मात्र त्याच यंत्रावर मैफल करताना लय वाढवण्यासाठी वादन थांबवून किंवा दुसऱ्याकडून कळ दाबवून घ्यावी लागते आणि लय चढत न जाता पायऱ्यांनी उडी घेते. केवळ यंत्राबरोबर वाढलेल्या विद्यार्थ्याला खूण करण्याची सवयच लागत नाही, ही त्याची दुसरी बाजू होय.

यंत्राला ऐकवण्याचे प्रयत्न

मुद्रित ध्वनीची लय बदलण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे तो वेगाने वाजवणे. त्यात स्वर चढतो. लय 120 वरून 127 वर नेली की जवळजवळ पूर्ण अर्धस्वराची वाढ होते आणि काळी एकचा लूप पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो. सुरेल वाद्यांसाठी हा मार्ग बंदच आहे. स्वर न हलवता काल ताणण्याचे तंत्र बेल प्रयोगशाळेत 1966 मध्ये मांडल्या गेलेल्या फेज व्होकोडरपासून विकसित झाले. लांब स्वरांवर ते चांगले चालते. तबल्याच्या 'ना'सारख्या टोकदार आघाताची धार मात्र त्यात बोथट होते. म्हणून तालवाद्यांचा लूप ताणण्याऐवजी आघातागणिक त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे नव्या अंतराने मांडतात. लूप ध्वनीचा नसून मिडी-संदेशांचा असेल तर अडचणच उरत नाही, कारण तेथे स्वर दर वेळी नव्याने निर्माण होतो.

2021 मध्ये एबलटनच्या 'लाइव्ह' या प्रणालीच्या अकराव्या आवृत्तीत ध्वनिग्राहकातून येणारे वादन ऐकून स्वतःची लय त्यानुसार बदलण्याची सोय आली. यंत्राने माणसामागे जाण्याच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल होय. ठळक, नियमित आघातांच्या संगीतात ते उपयोगी पडते. विलंबित एकतालात दोन मात्रांमध्ये कित्येक सेकंदांचे अंतर असते. तेथे अशा यंत्राला धरायला आधार कमी मिळतो. आणि लयकारी व लयवृद्धी यांतील भेद त्याला कळावा, अशी अपेक्षा करणे सध्या तरी धाडसाचे ठरेल.

महाराष्ट्रातील रंगमंच

सुगम संगीताच्या आणि भक्तिसंगीताच्या कार्यक्रमांत कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि त्यांवरील लूप आता नित्याचे झाले आहेत. भावगीताची लय बहुधा स्थिर असते, त्यामुळे तेथे ढोलकी-तबला लूपच्या बरोबरीने निभावून जातो. अभंगाचे तसे नाही. अभंग चढत्या लयीचा असतो. अखेरच्या गजरात टाळ-पखवाज लय वाढवतात आणि ती वाढ हाच त्या गायनाचा प्राण असतो. लूप चालू असेल तर पखवाजवादकासमोर दोनच मार्ग उरतात. एक तर लय दाबून धरायची, नाही तर लूपला मागे टाकायचे. पहिल्या मार्गाने गजर गुळगुळीत पण निर्जीव होतो, दुसऱ्याने गोंधळ माजतो. कार्यक्रम बिनचूक व्हावा म्हणून पहिला मार्ग निवडला जातो आणि ऐकणाऱ्याला काय हरवले ते नेमके सांगता येत नाही.

यावर खर्चिक यंत्रणेवाचूनही काही उपाय शक्य आहेत. वृंदाची लय स्थिरावण्यापूर्वी लूप मुद्रित करू नये. दोन-तीन आवर्तने जाऊ द्यावीत. लूपला स्वतःहून फिरू न देता तो एकदाच वाजून थांबेल अशी योजना करावी आणि दर समेवर कळ दाबून तो नव्याने सुरू करावा. असे केल्यास तफावत साठत नाही. ती प्रत्येक समेला शून्यावर येते. मात्र तुकडा जितका लांब तितकी त्याच्या शेवटी होणारी ओढाताण जास्त. लय एका टक्क्याने वाढली तर 8 सेकंदांच्या तुकड्याअखेर 80 मिलिसेकंदांचे अंतर पडते व ते खटकते. चार मात्रांचा, 2 सेकंदांचा तुकडा असेल तर 20 मिलिसेकंदांचेच. म्हणून लय हलण्याचा संभव असेल तेथे लूप आखूड ठेवावा आणि तो सोडणारा हात तालवादकाचाच असावा. ऑक्टापॅडवादक पखवाजाशेजारी, त्याचा हात दिसेल असा बसला तर हे काम बरेच सुकर होते. तुकड्यात ठळक आघातांऐवजी तानपुऱ्यासारखा किंवा स्वरमंडलासारखा भरणा ठेवला तर वीस-तीस मिलिसेकंदांची मागेपुढे हालचाल कानाला जाणवतही नाही. गजर सुरू होण्याआधीच्या आवर्तनात लूपचा आवाज हळूहळू उतरवून तो पूर्ण बंद करावा आणि पुढचा भाग टाळ-पखवाजाच्या हाती सोपवावा.